अष्टभुज ऑक्टोपसाच्या शस्त्रत्यागाची हकिकत

श्रीगजानन प्रसन्न. सन दोन हजार सहाचे कार्तिकमासी, जर्मन मुलुखी येना नाम शहरी जो बाका प्रसंग गुदरला आणि जो थोर मसलतीने निभावला, तो पुढे लेकराबाळांस ठाऊक असावा, सबब साद्यंत लिहिला ऐसीजे.

राजश्री कपिलराव तेथे भिंगांचे कारखान्यात चाकरीस होते. त्यांचे तीर्थरूप वासुदेवपंत, कराडचे शाळेतील चित्रकलेचे निवृत्त मास्तर, नातीचे भेटीस आले. नात तनयाबाई, उमर पाच वर्षे. मराठी सारे समजे, परंतु जबाब जर्मनीतच देई. त्या मुलुखी नोव्हेंबरात बालवाडीची मुले कागदी कंदील घेऊन, गाणी गात मिरवत निघतात. आपले कंदिलावर ऑक्टोपस पाहिजे, ऐसे बाईंचे फर्मान सुटले आणि पंतांनी विडा उचलला. मग तनयाबाईंचे मातोश्री सुरुचीबाईंनी, ऐनवेळी फजिती नको म्हणून, दुकानचा प्लास्टिकचा चांदोबाचा कंदील आणून खुंटीस लाविला. पंतांस ते वर्मी लागले. नात आजोबांचे चित्र मिरविते की चांदोबा, इतकाच सवाल उरला.

पंतांनी शिसपेन्सिलीस टोक केले आणि कंदिलाचे कागदावर कूच केले. आता पंतांची सारी हयात नवरात्राचे मंडपांतील पडदे रंगविण्यात गेली होती. भुजा आठ दिसल्या की हात आपैसे शस्त्रांकडे वळे. मग ऑक्टोपसाचे एका हाती त्रिशूळ आले, दुसऱ्या हाती गदा, तिसऱ्या हाती चक्र, आणि ऐसे करिता आठही हात सज्ज जाहले. वर मिशांस पीळ दिला. पंत स्वतःच्या कामावर बेहद्द खूश.

तनयाबाईंनी चित्र पाहिले, ओठ काढला आणि जर्मनीत काही अर्ज गुजारला. सुरुचीबाई दुभाषी होत्या. त्या चाचरत म्हणाल्या, "बाबा, ती म्हणते, तो नुसता पोहतो. त्याचं कुणाशी भांडण नाहीये."

पंत म्हणजे, पोराने हत्तीस पाच पाय काढिले तरी पाचवा कशास लागतो, इतकेच मायेने पुसणारे मास्तर. त्यांनी खोडरबर नातीचे हवाली केले आणि पुसले, मग याचे हाती काय देऊ?

तेथून तहाची बोलणी सुरू जाहली. गदा गेली आणि तेथे आइस्क्रीम आले. त्रिशुळाची छत्री जाहली. चक्राचे जागी ब्रेत्सेल, म्हणजे तिकडील भोकाभोकांचा खारा पाव, बसला. तलवार खोडून दात घासण्याचा ब्रश दिला. शंखावर मात्र पंत अडून बसले. शंख त्याचेच दर्यातला, तो काढू नये. बाईंनी विचार करून तेवढे कलम मंजूर केले. मिशा दोन्हीकडून साफ जाहल्या.

सारे तनयाबाई आपले हाते काढीत होत्या. छत्री तिरकी पडली, एक डोळा कपाळास गेला. पंतांची बोटे शिवशिवली, एक रेघ, फक्त एक रेघ. मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरिले आणि ते तसेच बसून राहिले. वर गेलेल्या त्या डोळ्याने ऑक्टोपस ऐसा गमतीदार दिसू लागला, की चाळीस पडदे रंगविलेल्या हातास तो कधी साधला नसता. हे पंतांनी मनोमन कबूल केले.

मिरवणुकीचे सांजेस तनयाबाईंनी खुंटीकडे न पाहता ऑक्टोपस उचलला. बालवाडीच्या बाई कंदिलाशी वाकल्या आणि कौतुकाने पुसत्या जाहल्या, हे कोणी काढिले?

"हाब इश गेमाल्ट," तनयाबाई म्हणाल्या. मी काढलं. आजोबांचे नावही घेतले नाही.

सुरुचीबाई खुलासा करू गेल्या, तो पंतांनी त्यांस हाताने थांबविले आणि आपणांस येत असलेला एकुलता एक जर्मन शब्द खर्चिला.

"गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. चित्र तनयाबाई कपिलराव यांनी काढिले, ऐसे वासुदेवपंतांचे आज्ञेवरून येथे नमूद केले असे.