बदफैलीचा अर्थ

चहा कोमट आला की शिवलिंगप्पा म्हणायचे, "ही बदफैली हाय!" बस चुकली, बदफैली. कोंबडीनं टेबलावर चढून शाई लवंडली, तर तिच्यावरही तोच आरोप. हुमनाबादेत कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आणि शेजारी अप्पांचं अर्ज लिहायचं टेबल. वीस वर्षं तो शब्द ऐकला.

एकदा मी म्हटलं, "अप्पा, बदफैली म्हंजे बाईची वाईट चाल ना?"

अप्पा केवढ्यांदा खेकसले! "बाई कामून घुसवायलास त्यात? बद फारशी, म्हंजे वाईट. फेल अरबी, म्हंजे कृत्य. वाईट कृत्य, बस्स. निजामाच्या कागदात बाप्यांवर बी लावत होते." समोरचं गिऱ्हाईक ताटकळत उभं, अप्पांचं आपलं चालूच.

मग खटकचिंचोळीची सुनीता आली. नवऱ्यानं पंचांपुढं ठेवायला कागद लिहून घेतला होता : बायकोच्या बदफैलीमुळं तिला नांदवणार नाही. अप्पांनी तो दोनदा वाचला, टोपी चढवली आणि टेबल तसंच टाकून तिच्याबरोबर निघाले. मीही गेलो.

पंचांपुढं त्यांनी नवऱ्याला शांतपणे विचारलं, "कृत्य कोनतं? कवा केलं? कुठं?"

तो भावाकडं बघत राहिला. शेवटी सुनीताच म्हणाली, "मला बी न्हाई जायचं ह्याच्या घरी. पर तो कागद फाडा." पंचांनी फाडला.

परतीच्या बसमधे अप्पा म्हणाले, "माझ्या बापानं आईला घराबाहेर काढलं, तवा मी कडेवर होतो. जाताना तिला एक उर्दू कागद दिला. तुझ्या वाट्याच्या जमिनीचा हाय म्हनला. तिनं तो पेटीत जपून ठिवला. मी उर्दू शिकलो ते त्यो वाचायलाच. पंधरा वर्षांचा होतो."

"मग?"

"जमीन कुठली? तिच्यावर हाच आरोप लिव्हलेला. तिचाच अंगठा त्याच्याखाली."

बस गचके खात होती. अप्पांनी टोपी काढून मांडीवर घेतली.

"आई समोर बसली होती. म्हनली, वाच की रं, किती एकर हाय?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"दोन एकर, म्हनलं. हिरीसकट."