होडीतली बॅटरी कुणी बदलली

तिच्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. चौथी शिकलेल्या बाईला बॅटरीतलं काय कळणार, असं नवरा तोंडाने म्हणाला नाही, त्याच्या भुवया म्हणाल्या. (तिच्या आवाजामुळे सगळे तिला तोफ म्हणत. अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.)

पूल दुरुस्तीला बंद होता. तलावापलीकडच्या कारखान्यात जेवणाचे चाळीस डबे एकच्या भोंग्याआधी पोचवायचे, तर होडीशिवाय इलाज नव्हता. एक दिवस जरी उशीर झाला तरी काम दुसऱ्याला देईन, असं मॅनेजरने बजावलेलं. म्हणून होडीला विजेची मोटर बसवली आणि टेम्पोला नि होडीला एकदमच नव्या बॅटऱ्या आणल्या. दोन्ही काळ्या, एकाच मापाच्या. दुकानदाराने दोनदा सांगितलं होतं, एक बॅटरी गाडी सुरू करायची, ती एकदाच दणका देते आणि गप्प बसते. दुसरी सावकाश, तासन्‌तास चालते. ती होडीची.

दिराने नेमकी दणकेवाली होडीत चढवली.

"वहिनी, पाणी कापायचं म्हणजे जोर नको?"

"सकाळी एकदा ओरडून दिवसभर लोळणारा माणूस मला कामाला चालत नाही, भावजी. बॅटरी कशी चालेल?"

दीर हसला. नवराही हसला. तिने ओठ आवळले. (हे वादळाचं लक्षण, पण घरात कुणाचं लक्ष असेल तर ना.)

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा दाढी करत होता, तेवढ्यात तिने पाना घेतला आणि होडीतली बॅटरी टेम्पोत, टेम्पोतली होडीत केली. कंबर कामातून गेली, पण मन गार झालं. वल्हीसुद्धा अडगळ म्हणून काठावर काढून ठेवली.

तलावाच्या बरोबर मध्यावर मोटर घरघरली आणि थांबली. नवरा-बायको, चाळीस डबे आणि चारी बाजूंना पाणी.

तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. "ज्याने ही बॅटरी इथे ठेवली, त्याला मी पुन्हा होडीत पाय ठेवू देणार नाही. मी स्वतः बदलली होती."

नवऱ्याचा चेहरा पडला. "काय बदललीस?"

"बॅटरी. आज सकाळी."

"अगं, ती मी कालच बदलली होती. तुझं पटलं होतं मला."

संसाराच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिचं काही पटलं, आणि तेही असं. मग सांगितलं का नाही, हे तिने विचारलंच.

"सांगितलं असतं तर महिनाभर ऐकावं लागलं असतं."

"पण त्यावर लेबल होतं ना? ते बघून तरी मला कळायला..."

बोलता बोलता तिची जीभ अडखळली. नव्या वस्तूवरचा कागद तिला बघवत नाही. बॅटऱ्या बसवून झाल्या झाल्या तिनेच ओल्या फडक्याने दोन्ही लेबलं खरवडून काढली होती.

डब्यांसोबतच्या आमटीच्या पातेल्यांच्या झाकणांनी पाणी मारत दोघं पलीकडे पोचली, तेव्हा पावणेदोन झाले होते. मॅनेजर धक्क्यावरच उभा होता. आजच्यापुरतं सोडतो म्हणाला, पण ज्याची चूक, तो उद्यापासून होडीत दिसता कामा नये. नाव लिहून द्या.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच गप्प होती. त्याने पेन घेतलं, आणि सव्वीस वर्षांत तिच्यासमोर कधी न उच्चारलेलं नाव ठळक अक्षरांत लिहिलं: तोफ.