मान डोलावणारा श्रोता

बोलावं कसं, हे मला कळतं! यात गर्व वगैरे काही नाही. कुणाला पोहता येतं, कुणाला पेटी वाजवता येते, तसं मला चारचौघांत बोलता येतं आणि दुसऱ्याला बोलतं करता येतं. पुण्याला आम्हा शिक्षकांसाठी एक शिबिर झालं होतं, ‘विद्यार्थ्यांसाठी परिणामकारक प्रेझेंटेशन’. त्याला मी पहिल्या रांगेत बसलो होतो. परत येताना एसटीच्या कंडक्टरशी असा काही नजरेला नजर देऊन बोललो, की त्यानं न मागता सुट्टे पैसे परत दिले आणि पुढच्या दाराकडं जाऊन उभा राहिला!

ही गोष्ट २००२ सालची. मी यवतला राहायचो आणि रोज चौफुल्याला गाडी बदलून, भीमेचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यात पिंपळदऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जायचो. नोकरी तात्पुरती. ती कायम करायची की नाही, हे संस्थेच्या चेअरमनच्या हातात. चेअरमन म्हणजे बाळासो. अख्खं गाव त्यांना आबा म्हणायचं. नदीकाठचा ऊस, परीटघडीचा सदरा आणि कुठल्याही कार्यक्रमात खुर्चीला पाठ टेकली की मिटणारे डोळे. माणूस तसा दिलदार, पण दिलदारीची वेळ तेच ठरवायचे.

त्या वर्षी वीज कचेरीनं शाळांसाठी स्पर्धा काढली. विषय, वीज बचत. विद्यार्थ्यानं चित्रं दाखवून बोलायचं, गावकऱ्यांसमोर बोलायचं, आणि कचेरीचे साहेब स्वतः येऊन ऐकणार. मुलगा किंवा मुलगी आवडली तर ती शिरूरला तालुक्याच्या फेरीत.

मी म्हटलं, हीच संधी! विद्यार्थी चमकला की शिक्षक चमकतो आणि शिक्षक चमकला की ऑर्डर निघते.

मी निवडली नववीतली शितल. झेंडूवाल्या दत्ताची पोरगी. अंगानं काडी, आवाज खणखणीत आणि एक दुर्मिळ गुण म्हणजे सांगितलं ते अक्षरशः करायची. ‘निबंध दोन पानांचा हवा’ म्हटलं की वाक्य अर्धं तोडून थांबायची, पण तिसरं पान लावायची नाही. मला तर वाटलं, देवानंच पाठवली!

“शितल,” मी म्हणालो, “बचत, बचत काय करायचं? ते सगळेच करणार. दिवे बंद करा, पंखे बंद करा! ऐकणाऱ्याला हलवायचं असेल तर विषय धारदार पाहिजे. आपण वीजचोरीवर बोलू. आकडे टाकून वीज घेणाऱ्यांवर!”

शितलनं हातातली वही मिटली.

“सर, गावासमोर?”

“मग काय, शेळ्यांसमोर?”

शाळेचे शिपाई म्हस्कूमामा फळा पुसत होते. त्यांचा हात जागीच थांबला.

“सर, इषय बदला,” ते म्हणाले. “दुसरं कायबी घ्या. झाडं लावा म्हनावं.”

“मामा, झाडं लावायला सांगून कुणी हललंय का आजवर?”

“हललं न्हाई म्हनूनच म्हनतो,” असं काहीतरी पुटपुटून ते निघून गेले. मला वाटलं, खेडेगाव आहे, नव्या विचारांची धास्ती असते. मी रोज सकाळी यायचो, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचो. गावातल्या विजेच्या खांबांकडं मान वर करून कधी बघितलंच नव्हतं!

तयारी मात्र जोरात झाली. दौंडच्या एका कॉलेजातून ओव्हरहेड प्रोजेक्टर उसना आणला. एसटीत मांडीवर घेऊन बसलो, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, “शिलाई मशीन नेऊच नये असं गाडीतून, सुया वाकत्यात.” शितलनं पारदर्शक कागदांवर रंगीत पेनांनी चित्रं काढली. खांब, तार, तारेला लटकलेला आकडा आणि आकड्याला डोळे-दात लावून राक्षस केलेला. मी तिला शिबिरातलं सगळं दिलं, हातचं काही राखलं नाही.

“सुरुवात प्रश्नानं कर. लोकांना हात वर करायला लाव, म्हणजे ते गुंततात. महत्त्वाचं वाक्य झालं की थांब, मनात पाच आकडे मोज. आणि घाबरायला झालं की गर्दीत एखादा मान डोलावणारा माणूस शोध. एक तरी असतोच. त्याला आपलं पटलेलं असतं. त्याच्याच डोळ्यांत बघून बोलायचं. तो आपला!”

“आन् कुणीच मान डोलावली न्हाई तर?”

“माझी विद्यार्थिनी बोलतेय आणि मान डोलणार नाही?”

शेवटी तिनं विचारलं, “सर, बोलायच्या आधी काय करायचं असतं?”

“आपली बाजू पक्की करायची. बोलणाऱ्याच्या पायाखाली खडा राहता कामा नये!” हे वाक्य शिबिरातलं नव्हतं, माझंच होतं. मला फार आवडलं.

स्पर्धेचा दिवस उजाडला. दुपारची वेळ, शाळेचा मोठा वर्ग. प्रोजेक्टरला अंधार लागतो म्हणून म्हस्कूमामांनी धनगरवाड्यातून घोंगड्या आणून खिडक्यांना लावल्या होत्या. आत अंधार आणि लोकरीचा वास. मधोमध पहिल्या रांगेत आबा, त्यांच्या शेजारी वीज कचेरीचे साहेब. निवृत्तीला टेकलेले, गोल चष्म्याचे, शांत गृहस्थ. मागं सगळं गाव. कडेला पोरं जमिनीवर.

मी माइक हातात घेतला, प्रस्तावना केली, थोडी लांबली. म्हस्कूमामांनी प्रोजेक्टर लावला. भिंतीवर दात विचकणारा आकडा उमटला. गावात एकदम शांतता! मी खूश. म्हटलं, पकड बसली!

शितल पुढं आली. नमस्कार केला. आणि खणखणीत आवाजात तिनं प्रश्न टाकला.

“आपल्यापैकी किती जणांच्या घरी आकडा आहे? त्यांनी हात वर करावा!”

मोठी माणसं दगडासारखी. पण पोरांना काय? शाळेत सर म्हणतात हात वर करा, की करायचा! झाडून सगळ्या पोरांचे हात वर!

“आमच्यात हाय!”

“आमच्यात दोन हायेत! एक मोटारीला!”

“सर, आमचा तर रात्रीचा टाकत्यात, मी बॅटरी धरतो!”

मागच्या रांगांतून आया-बाप वाकून वाकून पोरांचे हात खाली ओढायला लागले. एकाचा ओढला तर त्यानं दुसरा वर केला! साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

पण शितल थांबली नाही. का थांबेल? लोक गुंतले होते!

तिनं दुसरं चित्र लावलं आणि मी शिकवल्याप्रमाणे गर्दीवर नजर फिरवली. मान डोलावणारा माणूस शोधत होती ती. सगळ्या माना ताठ. एकच मान हलत होती. खाली, वर. खाली, वर. अगदी संथ, समाधानानं.

आबांची!

आबा झोपले होते हो! दुपारचं जेवण, अंधार, घोंगडीची ऊब. पेंग येऊन मान डुलत होती. शितलला वाटलं, हाच आपला माणूस! तिनं दोन पावलं पुढं टाकून आबांवर नजर रोखली. मी कोपऱ्यातून हात हलवले, डोळे वटारले. तिला वाटलं सर म्हणतायत हातवारे कर. तिनं हात उचलला आणि बोट सरळ आबांच्या सदऱ्याकडं!

“आपल्या गावचा प्रकाश कोण पळवतो?” तिचा आवाज चढला. “तो कुणी परका नाही! तो आपल्यातच बसला आहे! आणि तो कोण, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे!”

महत्त्वाचं वाक्य. ती थांबली. मनात आकडे मोजायला लागली.

त्या शांततेनं आबा जागे झाले. डोळे उघडले, तर समोर बोट, भिंतीवर आकडा, शेजारी वीज कचेरीचे साहेब आणि अख्खं गाव टक लावून बघतंय!

“ए पोरी!” आबा ताडकन उठले. “माझ्या एकट्याकडं काय बोट करती? उसावर एक आकडा हाय माझा. हाय, न्हाई कोन म्हनतंय? पन बाकीच्यांचं बघितलं का? ह्या शेवंताबाईची पिठाची गिरण कशावर चालती?”

शेवंताबाईंनी पदर खोचला. “माझ्या गिरनीचं नाव घेता व्हय आबा? तुमचंच पीठ दळतीया तिच्यावर! चोरीच्या लाइटीचं पीठ गोड लागलं तवा?”

“आन् ह्या पोरीच्या बापाला इचारा की!” आबा गरजले. “दत्ता! झेंडूच्या शेडात बल्ब जळत्यात ते काय देवानं लावलं?”

सगळं गाव दत्ताकडं वळलं. शितलचे आकडे मोजून झाले असावेत. ती शांतपणे म्हणाली, “आमचा आकडा काल काढला, आबा. सरांनी सांगितलं होतं, बोलणाऱ्याच्या पायाखाली खडा नको. मी दादांना म्हटलं, काढा, न्हाईतर मी जेवणार न्हाई.”

दत्ता उभा राहिला. चेहरा सगळा डासांनी फोडलेला. “व्हय, काढला. रात्रभर पंख्याबिगर झोपलो. बघा हे!” असं म्हणून त्यानं दोन्ही गाल फिरवून साहेबांना दाखवले. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर गाव हसलं असतं. पण दत्ता पोरीकडं बघत असा काही उभा होता, की कुणी हसलं नाही.

खरं तर इथंच सगळं आवरतं घ्यायला हवं होतं. पण पुढचं वाक्य मीच लिहून दिलं होतं. नाट्य यावं म्हणून! शितलनं हात छताकडं नेला.

“आणि कदाचित, याच क्षणी, या आपल्या शाळेतला हा प्रकाशसुद्धा चोरीचा असेल!”

मागं दाराशी काहीतरी खडखडलं. म्हस्कूमामा दिसेनासे झाले. आणि पुढच्या क्षणी फटकन प्रोजेक्टर बंद, माइक बंद, काळोख!

नंतर कळलं. शाळेचा मीटर दोन दिवसांपासून बंद पडला होता. मी मोठा पाहुणा आणलाय, माझी फजिती होऊ नये म्हणून मामांनीच बाहेरच्या तारेवर आकडा टाकून प्रोजेक्टर चालवला होता. पोरीला कळलंय असं वाटून ते बांबू घेऊन धावले आणि आकडा ओढून काढला!

काळोखात कुणीतरी ओरडलं, “सायेबांनी लाइन तोडली! घरोघरी जात्यात आता!”

मग काय! बाकं आदळली, चपला अदलाबदल झाल्या, दाराशी रेटारेटी. मी खिडकीवरची घोंगडी ओढली तेव्हा वर्ग रिकामा होता. बाहेर बघतो, तर सगळं गाव रानात पांगलेलं! कुणाच्या हातात बांबू, कुणाच्या हातात खोऱ्याचा दांडा, कुणी नुसतंच धोतर सावरत. सगळे आपापल्या खांबाकडं! शेवंताबाई सगळ्यांत पुढं, आणि आबासुद्धा, परीटघडीच्या सदऱ्यात, उसाच्या बांधावरून पळत होते!

वर्गात उरलो आम्ही तिघं. मी, साहेब आणि शितल. मला माझी ऑर्डर डोळ्यांसमोर फाटताना दिसत होती.

“सर,” शितल म्हणाली, “शेवट राहिलाय माझा. करू का?”

मी साहेबांकडं बघितलं. साहेबच म्हणाले, “कर बाळ.”

खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. त्यात उभी राहून, माइक नाही, चित्र नाही, समोर एकच माणूस, तरी तिनं शेवटचं सगळं म्हटलं. एक शब्द गाळला नाही. म्हणताना मध्येच तिचा आवाज कापला. कारण बापाचा डासांनी फोडलेला चेहरा तिनं पहिल्यांदा उजेडात नीट बघितला होता आणि रेट्यात बाहेर ढकलला गेलेला बाप दारात परत येऊन उभा होता. आकडा काढलेला एकटाच माणूस, त्याला पळायचं कारणच नव्हतं! “धन्यवाद,” म्हणून ती थांबली आणि साहेबांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

“सर, मी वर्षानुवर्षं धाडी टाकतोय,” ते मला म्हणाले. “आमची गाडी फाट्यावर दिसली की गाव आधीच साफ. आज मी नुसता चहाला आलो आणि अख्खी लाइन मोकळी झाली!”

“मग आता पंचनामा?” मी घाबरत विचारलं.

“कशाचा? तारेवर काही आहे का आता?” त्यांनी खिडकीतून बघितलं. “पण सगळ्यांनी मीटर घ्यायचे. पुढच्या सोमवारी मी पुन्हा येतो. आणि ही पोरगी शिरूरला येणार.”

दुसऱ्या दिवशी आबांचं बोलावणं आलं. मी राजीनामा मनातल्या मनात लिहूनच गेलो. आबा पाय शेकत बसले होते. बांधावरून पळताना मुरगळला होता.

“या सर. बसा. पोरगी तालुक्याला जानार म्हनं?”

“हो आबा. चुकलंच जरा...”

“त्या कार्यक्रमाला तिकडचे चेअरमन असत्यात पुढं. त्यांच्या उसाला तीन हायेत. पोरीला म्हनावं, नजर तिकडंच ठेव!”

मी गुळमुळीत हसलो. ते मात्र हसले नाहीत. ते मनापासून सांगत होते!

शितल शिरूरला दुसरी आली. आणि माझी ऑर्डरही निघाली. कायम! आबांनी स्वतःच्या हातानं दिली. पेढे वाटले मी. मग घरी येऊन ती नीट वाचली. शेवटी एक ओळ जास्तीची होती. इंग्रजी अध्यापनाशिवाय शाळेचं वीजबिल दर महिन्याला शिरूरला जाऊन भरण्याची जबाबदारी माझी.

शाळेचं एक बिल, हरकत नव्हती. पण गावानं ऐकलं. “सर, तुमच्यापायी मीटर घेतला, तवा आता बिलबी तुमीच भरून या,” म्हणत शेवंताबाई आल्या. मग दत्ता. मग आबा. आता दर महिन्याला पिंपळदऱ्याची सगळी बिलं एका पिशवीत घालून मी शिरूरच्या खिडकीसमोर रांगेत उभा असतो.

परवा खिडकीतला नवा कारकून माझ्या पिशवीकडं बघून म्हणाला, “एजंट का हो तुम्ही?”

“नाही. शिक्षक आहे.”

“काय शिकवता?”

प्रेझेंटेशनवर मी त्याला बरंच काही सांगू शकलो असतो. पण मागून कुणीतरी ओरडलं, “ओ मामा, सरका की पुढं!”

मी सरकलो.