दत्तूभाऊंचा ‘आखाड’

दत्तूभाऊंच्या घरी चहा प्यायचा असेल तर आधी त्यांच्या अल्बमला नावं ठेवावी लागतात. “छान आहे” म्हणालात की भाऊ उठतात, दाराकडं बघतात आणि म्हणतात, “या मग.” नावं ठेवलीत तर चहाबरोबर बिस्किटंही मिळतात.

भाऊ पिंगळीचे, माझे शेजारी. जन्मभर लग्नाच्या बँडात ऑर्गन वाजवला. गावोगाव डीजे आले आणि बँड बसला. शेवटच्या वर्षी आखाडात, लग्नं नसतात म्हणून रिकामे बसलेले भाऊ, ढोलवाला मारोती आणि क्लॅरिनेटवाले गफूरभाई पत्र्याच्या शेडमध्ये जमले. भाऊंच्या भाच्यानं गिटार आणली. ऑर्गन भोंग्याला जोडला आणि महिनाभर जे काही वाजवलं त्याचा अल्बम झाला. नाव ‘आखाड’. भाच्यानं तो इंटरनेटवर चढवला आणि खाली ‘हेवी सायकेडेलिक रॉक’ असं लिहिलं. भाऊंचं म्हणणं एवढंच, “नाव कायबी द्या, हादरा बसला पायजे.”

हादरा बसला. मानवतचा एक कापूसवाला म्हणाला, जिनिंगचं मशीन बिघडल्यावर असाच आवाज येतो. भाऊंच्या वहिनींची तक्रार अशी की हे सुरू झालं की म्हैस पान्हा चोरते. आमच्या गुरवाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. आणि परदेशातल्या कुणा अनोळखी माणसानं लिहिलं की इतकं काळंकुट्ट आणि इतकं सुंदर काही मी ऐकलं नव्हतं. भाच्यानं ते वाचून दाखवलं त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत.

मला हा सगळा नम्रतेचा आव वाटायचा. शेवटी वैतागून मी विचारलंच, “भाऊ, लोक चांगलं म्हणतात तर तुमच्या पोटात का दुखतं?”

“सर, चांगलं झालं म्हंजी संपलं की,” भाऊ म्हणाले. “चूक निघाली तर पुन्हा वाजवावं लागंल. पुन्हा वाजवायचं तर समद्यांना यावं लागंल.”

मारोती आता ऊसतोडीच्या टोळीत आहे. गफूरभाई नांदेडला एका लॉजवर राखण करतात. शेडमध्ये भाऊ एकटेच बसतात, ऑर्गनवरची धूळ पुसतात, वाजवत नाहीत. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, “ढोल जरा मागं पडलाय.”

भाऊंचा चेहरा उजळला. लगेच फोन. “मारोत्या, सर म्हणायलेत ढोल मागं पडलाय. कधी येतूस?”

“ढोल बराबर हाय भाऊ,” मारोती तिकडून ओरडून बोलत होता. “टोळीत समद्यांना ऐकवायलोय मी, लय आवडायलंय. आता त्याला हात लावू नका.”

“बरं,” भाऊ म्हणाले. “पाठ कशी हाय तुझी?” पाठ बरी होती. मग बायकोचं विचारलं, बैलांचं विचारलं, तिकडच्या थंडीचं विचारलं. शेवटी मारोतीच म्हणाला, “गाडी भरायची हाय भाऊ, ठेवतो.”

भाऊ फोन हातात धरून बसून राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “अजून काही खटकलं का, सर?”

अख्ख्या अल्बममध्ये मला सगळ्यात आवडलं होतं ते क्लॅरिनेट.

“क्लॅरिनेट जरा फाटतंय,” मी म्हणालो.

भाऊ गफूरभाईंचा नंबर शोधू लागले.