लॉइडचा हजारावा भाग

“अंदाजपंचे कारभार या गॅरेजात आजपासून बंद!” लॉइड ग्रिमस्टॅडने जाहीर केलं आणि रंधा मशीनवर बसवलेल्या नव्या डिजिटल मापाचं बटण अशा थाटात दाबलं, की जणू धरणाचं उद्घाटनच करतोय!

आजवर तो मशीनच्या बाजूची पट्टी एक डोळा मिटून बघायचा आणि जाडी ठरवायचा. आता इंचाचा हजारावा भागसुद्धा त्याच्या तावडीतून सुटणार नव्हता. छाती फुगणारच की हो!

खरं तर विस्कॉन्सिनच्या त्या गावात नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात पुरुषमाणूस घरी सापडत नाही. सगळे नारिंगी जाकिटं चढवून हरणांच्या मागे रानात. लॉइडने मात्र यंदा बंदूक खुंटीलाच ठेवली होती. थँक्सगिव्हिंगच्या सणाला सासूबाई जेवायला येणार होत्या. सासऱ्यांच्या, म्हणजे अर्व्हिडच्या कोठारामागचा अक्रोड वादळात पडला, तेव्हा म्हाताऱ्याने त्याच्या फळ्या काढून माळ्यावर वाळत घातल्या होत्या. फळ्या वाळल्या, पण म्हातारा तेवढा थांबला नाही. “एकदा त्या लाकडावर जेवायचंय रे,” एवढंच सासूबाई म्हणाल्या होत्या. त्या ऐंशीच्या पुढच्या. झाड एकच होतं आणि फळ्या पाच. बिघडल्या तर दुसऱ्या आणायच्या कुठून?

“दीड इंच जाड करतो!” लॉइडने बायकोला सांगितलं. “वर घोडा उभा केलास तरी टेबल हूं की चूं करणार नाही.”

“घोडा जेवायला येणार आहे का?” मार्लीस म्हणाली.

पहिली फळी मशीनमधून निघाली. काचेवर आकडा: १.५००! लॉइडने मार्लीसला हाक मारली. शेजारच्यांना हाक मारली, पण ते रानात होते. मग कुत्र्याला बोलावून दाखवला.

दुसरी निघाली १.४९६.

तेवढ्यात मेहुणा क्लेटन शिकारीहून परतताना डोकावला. “वा! झकास!”

“झकास काय? चार हजारांश कमी आहे!”

“अरे, कागदाएवढा तर फरक! लाकूड आहे ते, सोनं नव्हे!”

“तुझं बरोबर आहे. ‘जवळपास’वाल्यांना हे कळायचं नाही,” लॉइड म्हणाला. “तुझ्या पोर्चच्या पायऱ्या बघितल्यात मी.”

क्लेटन तोंड पाडून निघून गेला. आता माघार घेणं शक्यच नव्हतं. लाकूड कमी करता येतं, वाढवता येत नाही, म्हणून लॉइडने पहिली फळी दुसरीच्या बरोबरीला आणण्यासाठी पुन्हा मशीनमध्ये घातली. ती निघाली १.४९१! मग दुसरी तिच्या बरोबरीला आणली. तोवर तिसरी आणखी खाली घसरली. तिच्यासाठी उरलेल्या चारही पुन्हा आत! मांजरांचं लोणी वाटणाऱ्या माकडाचीच गत. फरक इतकाच, की इथलं लोणी माकडाच्याही पोटात जात नव्हतं, भुसा होऊन जमिनीवर पडत होतं.

संध्याकाळी फळ्या सव्वा इंचावर आल्या. “घोडा नाही, पण वासरू उभं राहील,” लॉइडने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक इंच. कुत्रं केव्हाच गॅरेज सोडून गेलं होतं. भुसा लॉइडच्या घोट्यांपर्यंत आला, पण गडी हटेना. सासूबाईंच्या पुढ्यात काय ठेवायचं, पापड? तरी पाचही आकडे जुळल्याशिवाय थांबायचं म्हणजे क्लेटन जिंकला!

“लॉइड, जेवायला चल, हॉटडिश गार होतंय!” मार्लीस आत आली, फळ्या बघून जागीच थबकली. मग मशीनजवळ वाकली. “हे काय रे? तुझ्या या मापाचा पाय भुशावर टेकलाय.”

“हात लावू नकोस! नाजूक यंत्र आहे.”

तिने हात लावला नाही. नुसती फुंकर मारली. भुसा उडाला, मापाचा पाय खटकन खाली बसला आणि काचेवरचा आकडा आपोआप वाढला. मशीनमध्ये फळीच नव्हती!

म्हणजे इतका वेळ फळ्या नव्हे, भुशामुळे मापच चुकत होतं!

“छान!” मार्लीस म्हणाली. “फुंकरीने जाडी वाढते. मग आता पुन्हा दीड इंच होईपर्यंत मारत बस फुंकरा.”

तिने मशीनचा प्लग उपटला, गॅरेजला कुलूप घातलं, आणि फळ्या चिकटवायच्या वेळी स्वतः पहाऱ्याला उभी राहिली. पाचही फळ्या तेव्हा पाऊण इंचावर होत्या.

थँक्सगिव्हिंगला त्या टेबलावर टर्की आली, बटाटे आले, गोडाला भोपळ्याचा ‘पंपकिन-पाय’ आला. घोडा कुणी आणला नाही. सासूबाई आर्डिसनी अक्रोडाच्या गर्द रेषांवरून हळूच तळवा फिरवला. “अर्व्हिडचंच झाड,” त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. केलेल्या कामाचा इतका अभिमान लॉइडला जन्मात वाटला नव्हता.

क्लेटनने टेबलाची कड दोन बोटांत धरली. “पाऊण इंच? दीड होणार होतं ना, लॉइड?”

“पाऊण तर पाऊण! पण पाचही फळ्या सारख्या आहेत!” लॉइड ताठ मानेने म्हणाला.

“उगाच छळू नकोस त्याला,” सासूबाई मुलावर डाफरल्या. “पाऊणच हवं होतं. अर्व्हिडचा हिशोबच तसा होता.”

“बाबांचा?”

“हो तर. करवतीवाला म्हणत होता, इंचभर जाड कापू या, टेबलाला पुष्कळ झालं. अर्व्हिड म्हणाला, नको, चांगली सव्वादोन इंच काप. रंधा आमचा लॉइड मारणार आहे.”