झाड क्रमांक दोनशे सतरा सहकार्य करत नाही

कोलशेतच्या सोयाबीन संशोधन केंद्रात चारशे झाडांना पिवळा मोझॅक हा रोग मुद्दाम लावण्यात आला. हेतू उदात्त होता: जे झाड तग धरेल, त्याच्यातलं प्रतिकाराचं जनुक नव्या वाणात उतरवायचं. रोग पसरवायला पांढऱ्या माश्या सोडल्या. त्यांनी एकही रजा न घेता काम केलं. केंद्रात असं प्रथमच घडत होतं. तीनशे नव्व्याण्णव झाडं पिवळी पडली. दोनशे सतरा नंबरचं हिरवंगार राहिलं.

विठ्ठलवाडीहून रोज येणारी कनिष्ठ संशोधक मेघना आनंदानं नाचायचीच बाकी होती. सहा वर्षं ती याच झाडाची वाट पाहत होती. शेंगा भरायला तीन आठवडे हवे होते. बी हाती आलं की गंगेत घोडं न्हालं.

प्रशासन अधिकारी गुणाजी तरे यांनी मात्र कपाळाला हात लावला. "मॅडम, आपण मार्चमध्येच वर कळवलंय. चारशेपैकी चारशे रोगग्रस्त, उद्दिष्ट शंभर टक्के साध्य."

"पण सर, पेरणीच जूनमध्ये झाली!"

"म्हणून काय मार्च एंड थांबतो?"

दोनशे सतराला कारणे दाखवा नोटीस निघाली: संसर्गास सहकार्य न केल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये? सात दिवसांत खुलासा आला नाही. पुन्हा माश्या सोडल्या, रोगट फांदीचं कलम बांधलं. झाड ढिम्म. मग समिती बसली, चहा-बिस्किटं झाली, ठराव झाला. गुरुवारी वरिष्ठांची पाहणी आहे, तोपर्यंत झाड पिवळं न पडल्यास ते उपटून जागी पिवळं झाड लावावं.

मेघनानं घरी जाऊन सगळं सांगितलं. तिची आई भीमाबाई म्हणाली, "अगं, साहेबाला पिवळंच पायजे ना? मग दे की पिवळं! गुरुवार निघाला म्हणजे झालं."

मेघनानं माजिवड्याहून पोस्टर कलर आणला आणि गुरुवारी सकाळी पानापानावर पिवळे ठिपके काढले. तिला स्वतःचीच लाज वाटत होती, पण हात थांबला नाही. वरिष्ठ नेमके त्याच झाडापाशी थबकले. "वा! काय देखणा रोग आहे!" चारशेपैकी चारशे. मेघनानं अहवालावर सही ठोकली आणि निःश्वास टाकला.

तेवढ्यात तरेसाहेबांनी दुसरा कागद सरकवला. पाहणी झालेली रोगग्रस्त झाडं त्याच दिवशी जाळावीत, नियम नऊ.

"सर, दोनशे सतरा राहू द्या ना. ते... आजारी नाहीये."

साहेबांनी शांतपणे पहिला कागद दाखवला. "सही तुमचीच ना?"

रंगाचं बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर झाड. मेघनानं दुसऱ्या कागदावरही सही केली. चार वाजता काडी लावली. एका झाडाला रॉकेल जरा जास्त लागलं. पुढच्या महिन्यात केंद्राला शंभर टक्क्यांची ढाल मिळाली.

ही हकीकत ऐकून लोक चिडतात. एका शब्दानं झाड वाचलं असतं, ही बया बोलली का नाही? प्रश्न रास्त आहे. तुम्हीही जरूर विचारा. फक्त जरा हळू विचारा, तुमचे साहेब ऐकत असतील.