भरवशाची क्लॅरिनेट

सोमवारी हाउगन सरांनी फळ्यावर लिहिलं, 'शुक्रवारी मी कसं वाजवलं?' आणि मेरिबेथसकट बँडमधल्या प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला.

शाळेच्या बँडचा शुक्रवारचा हिवाळी कार्यक्रम तसा झकास झाला होता. पण शेवटच्या वॉल्ट्झच्या धूनमध्ये क्लॅरिनेटचा एक धावता भाग होता आणि तो मेरिबेथला कधीच जमला नव्हता. तिथं ती नुसती बोटं हलवायची, फुंकायची नाही. शेजारी डोरीन असायची. डोरीन वाजवतेय म्हटल्यावर काळजी कसली?

काळजी बाबांनी लावली. ते बर्फ काढायचा ट्रक चालवत. कार्यक्रमाहून परतताना म्हणाले, "त्या पळापळीत तुझीच क्लॅरिनेट वर येत होती गं. बापाचा कान आहे, फसायचा नाही."

मग हेच त्यांनी पेट्रोल पंपावर सांगितलं, रविवारी चर्चमध्येही सांगितलं. आता कागदावर खरं लिहावं, तर सर घरी फोन करणार आणि बाबांचं गावभर हसं होणार.

"आधी रेकॉर्डिंग ऐका, मग लिहा," सर म्हणाले. "स्वतःला शोधा त्यात."

वॉल्ट्झ सुरू झाला. धावता भाग आला, पण क्लॅरिनेट काही आल्या नाहीत. पाहुणेच न आलेल्या यजमानासारखा ट्यूबाचा जाडा भोंगा मागे एकटाच भम् भम् करत राहिला.

मेरिबेथने डोरीनकडे पाहिलं. डोरीन स्वतःच्या बुटांकडे पाहत होती.

"तू वाजवत नव्हतीस?"

"मला वाटलं तू वाजवतेयस," डोरीन कुजबुजली. "म्हणून तर मी निवांत होते."

क्लॅरिनेटची अख्खी रांग एकमेकींच्या भरवशावर गप्प बसली होती.

डोरीनने लिहिलं, 'मी माझा आवाज शेजारणीच्या आवाजात मिसळला.' रांगेतल्या बाकीच्यांनी तेच उतरवून घेतलं. मेरिबेथचं पेन तेवढं अडलं. शेवटी तिने लिहिलं, 'तिथं मी फुंकलंच नाही. बाबांना सांगू नका.'

तास संपल्यावर सरांनी तिला थांबवलं.

"बाकी सगळ्यांनी आवाज मिसळलाय. कशात, ते काही कुणी लिहिलेलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या बँड-स्पर्धेत तो भाग तू वाजवायचास. एकटीने."

"पण सर, मला येत नाही तो."

"ते ठाऊक असलेली तू एकटीच आहेस. म्हणून तर."

"आणि बाबा?"

"त्यांना मी काय सांगणार? पंपावर भेटले तेव्हा तेच मला सांगत होते, तू काय वाजवलंस ते."

संध्याकाळी मेरिबेथने खोलीचं दार लावलं, पोटभर श्वास घेतला आणि तो धावता भाग आयुष्यात पहिल्यांदा खरोखर फुंकला.

स्वयंपाकघरातून बाबांची हाक आली, "मेरिबेथ, खिडकीतून बघ गं जरा. एवढ्या थंडीत हे रानहंस कुठून कलकलायला लागले?"